साठ, एकही जास्त नाही

सांख्यिकी खात्याच्या मंत्र्यांना खात्यातले लोक पाठीमागे लोणीसाहेब म्हणत. आवाज मऊ, बोलणं मऊ, हातात हात दिला तर तोही मऊ. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. ज्यांच्या नोकऱ्या त्यांनी घालवल्या त्यांनाही ते जिना उतरून खाली आल्यावरच कळे. त्यांच्याकडे दोन खाती होती. एक, देशातले सगळे सरकारी आकडे. दुसरं, सभागृहाचं कामकाज. म्हणजे काय मोजायचं हे त्यांच्या हातात, आणि त्यावर कोणी कधी किती वेळ बोलायचं तेही त्यांच्याच हातात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

साहेबांना अभिमान मात्र एकाच गोष्टीचा होता. मंत्र्याने सभागृहात चुकीची माहिती दिली, तर त्याला पुन्हा उभं राहून दुरुस्तीचं निवेदन वाचावं लागतं. समोरच्या बाकांवरून तेव्हा जे हसू फुटतं ते पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकू येतं. बाकीच्या मंत्र्यांवर ही पाळी वर्षातून एकदोनदा येई. लोणीसाहेबांनी अकरा वर्षांत असं एकही निवेदन वाचलेलं नव्हतं.

याचं निम्मं श्रेय आकडेबाईंचं होतं, हे साहेब स्वतः कबूल करत. आकडेबाई म्हणजे खात्याच्या सहसंचालिका. वय पन्नासच्या आतबाहेर, अंगावर नेहमी फिकट रंगाची साडी, बोटाला शाई. अधिवेशन चालू असलं की त्या सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या सज्जात पहिल्या खुर्चीवर बसत. कुणी आडवातिडवा उपप्रश्न विचारला की त्या चिठ्ठीवर आकडा लिहीत, शिपाई ती साहेबांच्या हातात देई, आणि साहेब जणू तो आकडा जन्मापासून पाठ असल्यासारखा सांगत. मांडीवर टाचणांची जाड वही असे, पण ती उघडताना कुणी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

सोमवारी मात्र त्यांनी अशी चिठ्ठी लिहिली की ती लिहिण्यापेक्षा हात मोडून घेतला असता तर बरं झालं असतं.

प्रश्न साधा होता. खात्याने नुकताच एक अहवाल काढला होता: निराधार वृद्धांच्या दोनशे चौदा सरकारी वसतिगृहांपैकी एकातही क्षमतेपेक्षा जास्त माणसं नाहीत. विरोधी बाकांवर एक बाई होत्या, पूर्वी इस्पितळात नर्स होत्या, अजूनही सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. त्या उठल्या आणि म्हणाल्या, अहवाल राहू द्या, याच शहरातल्या नदीकाठच्या वसतिगृहाचं सांगा. साठ खाटांची मंजुरी आहे. आज, या घटकेला, तिथे किती बायका आहेत?

तिथे एकसष्ट होत्या. त्यातली एक नोंदीबाहेरची, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. एक वसतिगृहाचे अधीक्षक, दुसऱ्या स्वतः आकडेबाई, आणि तिसरी खुद्द ती एकसष्टावी. ती त्यांची आत्या होती.

आकडेबाईंची आई त्या चार वर्षांच्या असताना गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीच्या मुलीला बहिणीच्या पदरात टाकलं. आत्याने लग्न केलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तिने सदऱ्यांना गुंड्या लावल्या आणि त्या गुंड्यांवर भाचीला गणितात पहिल्या वर्गाच्या पदवीपर्यंत नेलं. म्हातारपणी तिचं डोकं चाळणी झालं. शेगडी पेटती ठेवून ती अंगणात जाऊन बसे. दोनदा घर पेटता पेटता वाचलं. तेव्हा आकडेबाईंनी अधीक्षकांना गाठलं. अधीक्षकांच्या धान्यसाठ्याच्या हिशोबात कधीकाळी एक भगदाड पडलं होतं, ते बाईंनी पाहूनही पाहिलं नव्हतं. तुझीही चूप, माझीही चूप. वसतिगृह भरलेलं, शिवाय नियम असा की ज्या बाईला जगात कोणी नाही तिलाच जागा. म्हणून आत्याची नोंद झालीच नाही. चादरी ठेवायच्या खोलीत तिला एक खाट मिळाली.

तेव्हा आकडेबाईंनी काय करायला हवं होतं? चिठ्ठीवर 'माहिती घेऊन सांगतो' एवढं लिहायला हवं होतं. रोज चार मंत्री तेच सांगतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण माहिती घ्यायची म्हणजे कोणीतरी तिथे जाऊन मोजणार, या विचारानेच त्यांचा हात पुढे सरला. त्यांनी '६०' लिहिलं. पटावर साठच होत्या, तेव्हा ते खोटंही नव्हतं, अशी समजूत शिपाई चिठ्ठी घेऊन चार पावलं जाईपर्यंत त्यांनी करून घेतली.

साहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि लोण्याच्या आवाजात म्हणाले, "साठ. एकही जास्त नाही."

ती शेपटी त्यांनी आपल्या पदरची जोडली. नर्सबाई त्याचीच वाट पाहत होत्या. मी शनिवारी सकाळी तिथे होते, त्या म्हणाल्या, चहाचे कप मोजले, एकसष्ट होते. अध्यक्ष महाराज, गुरुवारी सदस्यांची समिती पाठवा, आम्ही डोकी मोजतो. साठाच्या वर एक निघालं तर मंत्र्यांनी इथे उभं राहून दुरुस्ती वाचावी. समोरच्या बाकांवर हशा पिकला. साहेब हसले, म्हणाले, अवश्य या, माझ्या खर्चाने चहा घ्या.

अर्ध्या तासाने त्यांनी आकडेबाईंना आपल्या दालनात बोलावलं. खोलीत फुलदाणी होती, पाण्याचा पेला होता, आणि टेबलावर कागद एकही नव्हता. साहेबांच्या टेबलावर कधीच कागद नसे.

अधीक्षकांशी माझं आत्ताच फोनवर बोलणं झालं, साहेब म्हणाले. भला माणूस आहे, विचारण्याआधीच रडायला लागला. तुमच्या आत्याबाईंची तब्येत बरी असते ना? साहेबांनी बाईंपुढे पाण्याचा पेला सरकवला. मग बाईंनी धीर करून सांगितलं, साहेब, चूक माझी आहे, मी लेखी देते, तुम्ही दुरुस्ती वाचा, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा.

"कारवाई कशाला?" साहेब म्हणाले. "आणि दुरुस्ती तर मुळीच नको. मी सभागृहात साठ म्हणालो. ते आता नोंदीत गेलं. आकड्याला हात लावायचा नाही, बाई. वसतिगृह दुरुस्त करा."

बाईंनी विचारलं, म्हणजे काय करू?

"गुरुवारपर्यंत तिथे साठ असू द्या. कोण जाणार ते मी सांगणार नाही, तो अन्याय होईल. तुमच्या शास्त्रात निवडीच्या पद्धती असतात म्हणे. त्यातली एखादी वापरा."

एवढं बोलून ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. बाईमाणसाला दार उघडून देण्याची त्यांची रीत होती.

त्या संध्याकाळी आकडेबाईंनी नवऱ्याजवळ विषय काढला. कसा काढला तेही सांगितलं पाहिजे. लेकीचं परीक्षेचं वर्ष, ती पुस्तकं पसरून बाहेरच्या खोलीत बसलेली, नवरा नुकताच कामावरून आलेला, डोकं दुखतंय म्हणत असलेला. नेमकी ती वेळ साधून त्यांनी विचारलं, आत्याला काही दिवस इथे आणलं तर? नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने लेकीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाला, दोनदा वाचलो, तिसऱ्यांदा देव जागा असेलच असं नाही. बाईंनी चेहरा पडलेला ठेवला, पण आतून त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी विचारलं होतं आणि नाही म्हणणारा दुसराच होता. मनाची समजूत काढायला माणसाला एवढा आडोसाही पुरतो.

रजा काढून आत्याजवळ राहावं, नोकरीवर पाणी सोडावं, नर्सबाईंकडे जाऊन सगळं ओकून टाकावं, असेही विचार त्यांच्या मनात येऊन गेले. आले तसे गेले. सहसंचालिका व्हायला बावीस वर्षं लागली होती.

मंगळवारी सकाळी त्या नदीकाठच्या वसतिगृहात पोचल्या. लांबलचक दालन, दोन्हीकडे लोखंडी खाटा, भिंतीला उंचावर खिडक्या, सगळीकडे जंतुनाशकाचा वास. अधीक्षकांनी कपाटातून पट काढला. बाईंनी त्यातला एकच रकाना पाहायचा ठरवून ठेवलं होतं: जवळचे नातेवाईक. एकोणसाठ ओळींपुढे 'निरंक' लिहिलं होतं. एकीपुढे लिहिलं होतं: दिराचा मुलगा, आणि खाली गल्लीचा पत्ता.

नातेवाईक असेल तर बाईला त्याच्या स्वाधीन करता येतं, असा नियम आहे. निवड झाली. शास्त्राला फार ताण द्यावा लागला नाही.

ती इस्त्रीवाली होती. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने जन्मभर चादरींना इस्त्री केली होती, म्हणून वसतिगृहात तिला हेच नाव पडलं. चौदा वर्षांपूर्वी भरती होताना कारकुनाने तिला विचारलं, तुझं कोणी आहे का? कोणी नाही असं परक्या पुरुषापुढे सांगायची तिला लाज वाटली. म्हणून तिने दिराच्या मुलाचं नाव घातलं. तो चौदा वर्षांत एकदाही फिरकला नव्हता.

आकडेबाईंना तिच्याबद्दल आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि पटावर बोट ठेवताना ती त्यांना चांगली आठवली. चादरींच्या खोलीत आत्याला रोज उठवणारी, धुणारी, भरवणारी बाई हीच होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. चादरींची घडी करायला ती खोलीत जायची आणि तिथे तिला आत्या सापडली.

दुसऱ्या कोणाचं नाव घ्यावं तर नियम आड येत होता. निदान बाईंनी स्वतःला तसं बजावलं.

अधीक्षकांनी इस्त्रीवालीला बोलावलं आणि सांगितलं, तुझ्या पुतण्याने तुला बोलावलंय, गाडी तयार आहे. हे त्यांच्या आयत्या वेळच्या डोक्यातून निघालं. आकडेबाईंनी त्यांना असं सांगायला सांगितलं नव्हतं. पण त्यांना अडवलंही नाही. म्हातारीने आधी ऐकलंच नाही, मग पुन्हा विचारलं, मग ती जी हसली ती तोंडातले उरलेले चार दात सगळ्यांना मोजून घेता यावेत अशी हसली. मी म्हणतच होते, ती दालनातल्या प्रत्येकीला सांगत सुटली, आज ना उद्या पोराला आठवण होणार. तिने पातळ बदललं. स्वतःचा पितळी पेला आत्याच्या उशाशी नेऊन ठेवला. गाडीत चढता चढता मात्र तिचा पाय अडला. ती आकडेबाईंकडे वळली, तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाई म्हणून.

"बाई, चादरींच्या खोलीत एक म्हातारी आहे. तिच्या पोलक्याच्या गुंड्या खालून वर लावायला सांगा कोणाला. वरून सुरुवात केली की गळा आवळतायत असं वाटतं तिला. घाबरते मग, जेवत नाही."

सांगते, आकडेबाई म्हणाल्या.

आत्या दालनाच्या दाराशी उभी होती. वसतिगृहात आपल्याला बाई म्हणायचं, नातं दाखवायचं नाही, हे आकडेबाईंनी तिला पहिल्याच दिवशी पढवून ठेवलं होतं. तिच्या डोक्यातून सगळं जग गळून गेलं तरी एवढं मात्र टिकलं होतं. "नमस्कार, बाई," ती म्हणाली, आणि गाडी गेली तिकडे पाहत राहिली.

बुधवारी दुपारी आकडेबाई सज्जात आपल्या खुर्चीवर होत्या. आता मोजायला कोणीही येवो, साठ भरत होत्या. चहाच्या सुट्टीनंतर लोणीसाहेब उठले. आजचं कामकाज संपलंय, ते म्हणाले, पुढच्या पत्रिकेवर तातडीचं काही नाही, सदस्यही थकले आहेत, तेव्हा सभागृह आजपासूनच संस्थगित करावं असा मी प्रस्ताव मांडतो. नर्सबाई ताडकन उठल्या, गुरुवारच्या समितीचं काय म्हणून विचारलं. अधिवेशन संपलं की अधिवेशनातल्या समित्याही संपतात, साहेब म्हणाले, नियम माझा नाही, सभागृहाचा आहे. बाकं वाजली. सदस्य सामान आवरायला लागले.

कोणी मोजायला येणारच नव्हतं.

आकडेबाईंनी त्यांना बाहेरच्या लांब ओसरीत गाठलं. एरवी त्या साहेबांच्या मागून दोन पावलं चालत, त्या दिवशी आडव्या आल्या. साहेब, हे कधी ठरलं, त्यांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी. प्रश्नोत्तरांच्या आधीच," साहेब म्हणाले. "कामकाजाची पत्रिका मीच करतो ना."

"मग त्या बाईला कशाला घालवायला लावलंत?"

"मी सभागृहात साठ म्हणालो होतो. कोणी मोजो न मोजो, मी खोटं कसं बोलू?" मग त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "शिवाय मला एक पाहायचं होतं. आकडा चुकला तर आकडेबाई आकडा बदलतात की माणसं. आता माझा भरवसा बसला. पुढच्या आठवड्यात बेकारीचा आकडा येतोय. दोन टक्के जास्त निघालाय असं ऐकतो. तुम्ही बघालच."

आणि ते निघून गेले. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आकडेबाईंना त्या ओसरीत उभ्या उभ्या समजलं. राग मात्र त्यांना साहेबांचा आला नाही. राग आला तो नर्सबाईंचा, तिला नसती उठाठेव कोणी सांगितली होती म्हणून. हात दगडाखाली असला की माणूस दगडाला शिव्या देत नाही.

आता गरज उरली नव्हती, तेव्हा इस्त्रीवालीला परत आणता येईल, असं म्हणत त्या थेट वसतिगृहात गेल्या. गाडीवाला नळाखाली गाडी धूत होता. सोडलं ना पत्त्यावर, तो म्हणाला, पोच पण आहे. पोचेवर सही कसली? तर पहारेकऱ्याची. त्या गल्लीत आता घरंच नाहीत, सगळी पाडून मालाचं गोदाम झालंय. दिराचा मुलगा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मग तू तिला परत का नाही आणलंस, बाईंनी विचारलं. तुमच्या सहीच्या आदेशात फक्त सोडायचं लिहिलं होतं, गाडीवाला म्हणाला, परत आणायचं नव्हतं लिहिलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

बाई गोदामावर गेल्या. पहारेकऱ्याने सांगितलं, म्हातारी रात्रभर फाटकाशी बसली होती, पोरगा कामावरून सुटला की येईल म्हणत होती. त्याने तिला आपली घोंगडी दिली. सकाळी पाहतो तर घोंगडी घडी करून ठेवलेली, चारी कोपरे एकावर एक नीट बसवून, आणि म्हातारी नाही. ती घडी त्याने अजून मोडली नव्हती. आकडेबाईंनी आसपासच्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, एका दवाखान्यात विचारलं, पोलीस चौकीच्या दारापर्यंत गेल्या. आत गेलं तर नाव, नातं, कोणी कुणाच्या आदेशाने सोडलं, सगळं लिहावं लागलं असतं. त्या दारातूनच परतल्या.

वसतिगृहात अधीक्षक खुशीत होते. एक जागा रिकामी झाली, त्यांनी सांगितलं, तेव्हा मी तुमच्या आत्याबाईंना पटावर चढवून टाकलं. आता सगळं कायदेशीर, साठ म्हणजे साठ. फक्त तपासणी अधिकारी म्हणून तुमची सही हवी. त्यांनी पट पुढे केला. नव्या ओळीत वय होतं, जुना धंदा होता, आणि जवळचे नातेवाईक या रकान्यात 'निरंक'.

हे कोणी सांगितलं, आकडेबाईंनी विचारलं.

त्यांनीच, अधीक्षक म्हणाले, आणि खाटेकडे हात दाखवला. आत्याला आता दालनात आणलं होतं, इस्त्रीवालीच्या खाटेवर. पोलकं उघडंच होतं, त्यावर तिने पदर घट्ट ओढून धरला होता. अधीक्षक चहा सांगायला गेले तसा तिने भाचीचा हात धरला. त्या दिवशी तिचं डोकं लख्ख होतं. महिन्यातून असा एखादा तास तिला मिळे.

"मी तुझं नाव घेतलं नाही हो," ती हळूच म्हणाली. "तीनदा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मला कोण्णी नाही. तुझी नोकरी जायची नाहीतर."

आकडेबाईंना रडू आलं, पण अधीक्षक परत येत होते. त्यांनी डोळे टिपले आणि सही केली.

"पण ती कुठे गेली गं?" आत्याने विचारलं. "जेवण थांबलंय माझं तिच्यासाठी."

येईल, आकडेबाई म्हणाल्या. येईल आज ना उद्या.

गुंड्यांचं त्या कोणालाच सांगायला विसरल्या. खरं तर विसरल्या नव्हत्या. निघताना फाटकाशी आठवलं होतं, पण परत आत जायचं म्हणजे पुन्हा आत्यासमोर जायचं, म्हणून उद्या फोन करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बेकारीच्या आकड्यांची बैठक होती. दोन टक्के कुठे मुरवायचे यात आठवडा गेला. आठवड्यातून एक तास काम मिळालेल्यालाही कामकरी धरलं की ते बरोबर मुरतात, हे त्यांनीच शोधून काढलं, आणि साहेबांनी भर बैठकीत त्यांचं कौतुक केलं.

आत्याला कपडे घालायला एक नवी मदतनीस ठेवली होती. ती घाईत असे आणि वरच्या गुंडीपासून सुरुवात करी. आत्या किंचाळे, तिचे हात झटकून टाके, मग तशीच उघड्या पोलक्याने फाटकाशी जाऊन बसे. ताटाला हात लावत नसे. ती येऊ दे, एवढंच म्हणे. थंडीचे दिवस होते. बावीस दिवसांनी तिच्या छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत ती गेली.

अधीक्षकांनी आकडेबाईंना कार्यालयात फोन केला. माणूस शिष्टाचार पाळणारा होता. पटाप्रमाणे कोणी नातेवाईक नाहीत, ते म्हणाले, तेव्हा सरकारी नियमाने आम्हीच उरकतो. तुम्हाला ताब्यात घ्यायचं असेल तर मात्र पटात दुरुस्ती करावी लागेल. तसा अर्ज लागेल, नातं लिहून, आणि आधीची नोंद चुकीची होती असं तुमच्या सहीनिशी. पाठवू का नमुना?

आकडेबाईंच्या टेबलासमोर दोन कनिष्ठ अधिकारी फायली घेऊन उभे होते. बावीस वर्षांत त्यांच्या सहीखालच्या कुठल्याही नोंदीला दुरुस्ती लागलेली नव्हती. अधीक्षक पलीकडे वाट पाहत होते.

"नको," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे करा."

घरी त्यांनी आत्या गेली एवढं सांगितलं. नवऱ्याने कधी उचलायचं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, झालं सगळं. लेक रडली. ती आत्याआजीच्या मांडीवर वाढली होती.

पुढच्या अधिवेशनात नर्सबाई विसरल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तोच प्रश्न लेखी दिला: नदीकाठच्या वसतिगृहात मंजुरी किती, प्रत्यक्षात बायका किती. उत्तराचा मसुदा आकडेबाईंनीच केला. सभागृह भरायच्या आधी त्या तो घेऊन साहेबांच्या दालनात गेल्या. फुलदाणीतली फुलं नवी होती.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "एकोणसाठ? साठ होत्या ना?"

"एक कमी झाली, साहेब."

"बरं झालं," साहेब म्हणाले. "आता मोजायला येऊ दे कोणालाही."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, उठून दार उघडलं, आणि आकडेबाई बाहेर पडेपर्यंत ते हाताने धरून ठेवलं. अकरा वाजता सभागृह भरलं. बाई सज्जात पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. साहेबांनी आकडा वाचला आणि बाकं वाजली.